समोरची खुर्ची

आज १ मे. ऊन अजून कोवळे आहे तोवर शाळाशाळांच्या अंगणात झेंडा वर गेला असेल, मुलांच्या हाती वर्षभराच्या मेहनतीचे मोल पडले असेल आणि मुंबईत हुतात्मा चौकातल्या त्या दोघांच्या पायाशी पुष्पचक्रे रचली गेली असतील. ते दोघे म्हणजे एक शेतकरी आणि एक कामगार. मशाल मात्र एकच. एका राज्याच्या जन्माची आठवण जागती ठेवायची म्हणून जे शिल्प उभारले, त्यात ना राजा आहे ना सेनापती, याचे एरवी आपल्याला नवल वाटत नाही. डोळे सरावलेले असतात. तिथी आणि तारखा यांचा उपयोग तरी दुसरा कोणता? सरावलेल्या डोळ्यांनी वर्षातून एकदा थांबावे आणि जे रोज दिसते ते पुन्हा पाहावे, यासाठीच आपल्या वाडवडिलांनी वर्षाला सणांच्या गाठी मारून ठेवल्या आहेत.

याच सकाळी फ्रान्समध्ये रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर इवल्या पांढऱ्या घंटांसारख्या फुलांच्या जुड्या विकायला आल्या असतील. त्या फुलाला तिकडे ‘म्युगे’ म्हणतात. आपण दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतो, तसे तिथले लोक १ मेला एकमेकांच्या हातावर हे फूल ठेवतात. पण युरोपच्या खात्यावर या तारखेच्या आणखीही नोंदी आहेत. २००४ साली १ मे रोजी दहा देश एकदम युरोपीय संघात आले. त्याच्या पाच वर्षे आधी, १ मे १९९९ रोजी, अ‍ॅमस्टरडॅमचा करार अमलात आला आणि त्याने एक गोष्ट केली, जिच्याकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी समोरासमोर बसून जे ठरवावे त्याला युरोपभर कायद्याचे बळ मिळू शकते, ही तरतूद तोवर ब्रिटनला वगळून एका जोडपत्रात होती. ती त्या दिवसापासून सर्व सदस्य देशांसाठी मूळ करारात आली. तिकडे या रीतीला ‘सामाजिक संवाद’ म्हणतात. नाव जरा गोडगोड आहे. प्रकरण तितके गोड नाही, आणि म्हणूनच आजच्या दिवशी ते उलगडून पाहावेसे वाटते.

उपमा शोधायला आपल्याला घराबाहेर जायला नको. लग्न ठरले की याद्यांची बैठक होते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात, कार्यालय कोणी घ्यायचे, जेवणावळ कोणाकडे, आहेर किती, हे एकेक करून कागदावर उतरते आणि खाली दोघांच्या सह्या होतात. तेथे प्रेमाचा ओघ वाहत असतो असे नाही. कित्येकदा तर घासाघीसच जास्त असते. पण एकदा यादी झाली की मांडवात तो विषय कोणी काढत नाही. युरोपातली रीतही साधारण अशीच आहे. युरोपीय आयोगाला कामगारांच्या कामकाजाविषयी एखादा नियम करायचा असेल, तर त्याला दोन्ही पक्षांना दोनदा विचारावे लागते: आधी नियम हवा का, आणि मग त्यात काय असावे. त्या वेळी दोघे जर म्हणाले की थांबा, आम्हीच बसतो, तर आयोगाने लेखणी खाली ठेवायची आणि नऊ महिने वाट पाहायची. (नऊच का, ते मसुदा करणाऱ्यांना ठाऊक, आकडा मात्र शुभ आहे.) तेवढ्या अवधीत करार झाला आणि दोघांनी मिळून मागितले, तर मंत्र्यांची परिषद त्या कराराला कायद्याचे रूप देऊ शकते. फक्त पगार, संघटना बांधण्याचा हक्क, संप आणि टाळेबंदी हे विषय युरोपीय कायद्याच्या या दालनाबाहेर ठेवले आहेत. म्हणजे याद्यांना बसायचे आणि खर्चाचा आकडा तेवढा काढायचा नाही! ज्यांनी ही वेस आखली त्यांना आपापल्या देशातली पगाराची बोलणी ब्रसेल्सच्या हाती जाऊ द्यायची नव्हती, हे उघड आहे.

ही बैठक प्रथम जेथे मांडली गेली ती जागा मोठी देखणी आहे. ब्रसेल्सच्या ओदरगेम भागात झाडीने वेढलेला वाल दुशेस नावाचा वाडा आहे. तेराव्या शतकात ब्राबांतच्या एका विधवा डचेसने तेथे जोगिणींचा मठ वसवला, म्हणून ती डचेसची दरी. १९५६-५७ मध्ये ज्या बोलण्यांतून आजच्या युरोपीय संघाचा पाया असलेला रोमचा करार आकाराला आला, तीही याच वाड्यात झाली. ३१ जानेवारी १९८५ रोजी आयोगाचे नवे अध्यक्ष जाक देलोर यांनी मालकांच्या आणि कामगारांच्या युरोपीय संघटनांना येथे बोलावले. पदावर येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. देलोर तरुणपणी फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेत नोकरीला होते आणि तेथल्या ख्रिस्ती कामगार चळवळीत वाढले होते. समोरच्याला शत्रू न मानताही त्याच्याशी भांडता येते, हा त्यांचा पिंडच होता. त्याआधीची पाच वर्षे वातावरण कडू झाले होते. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले बेत कामगारांना आधी सांगावेत, असा एक प्रस्ताव १९८० साली आयोगाचे सदस्य हेंक व्रेडेलिंग यांनी मांडला होता आणि मालकवर्गाने तो सर्व बळ एकवटून रोखून धरला होता. अशा वेळी दोघांना एका छताखाली आणणे हेच मोठे काम होते.

पण छताखाली आणणे वेगळे आणि बोलते करणे वेगळे. पहिल्या काही वर्षांत त्या बैठकांतून निघाली ती ‘संयुक्त मते’. आपल्याकडे सभा संपताना जे ठराव एकमताने मंजूर होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्याच स्मरणात नसतात, त्या जातीची. मालकांची संघटना तर स्पष्टच सांगे की आम्हाला बोलायला हरकत नाही, सही करायला आहे. देलोर मात्र थांबले नाहीत. ८ सप्टेंबर १९८८ रोजी इंग्लंडच्या बोर्नमथ येथे ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात ते बोलले तेव्हा, एरवी युरोपकडे संशयाने पाहणाऱ्या त्या प्रतिनिधींनी उभे राहून त्यांच्या नावाचे जुने फ्रेंच बालगीत गायले. बाराच दिवसांनी ब्रूजमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी त्याला भाषणातून उत्तर दिले. ब्रिटनचे पुढचे तीस वर्षांचे भांडण त्या बारा दिवसांत सामावलेले होते असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

मग ३१ ऑक्टोबर १९९१ उजाडला आणि त्याच मालकसंघटनेने सही केली. आम्ही दोघे मिळून जे ठरवू त्याला कायद्याचे रूप मिळावे, अशी तरतूद युरोपच्या होऊ घातलेल्या मास्ट्रिख्ट करारात घाला, असे दोन्ही पक्षांनी एकमुखाने मागितले. हे मनपरिवर्तन कसे झाले? सामाजिक संवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेली तीस वर्षे ज्या एका प्रश्नाभोवती घिरट्या घातल्या आहेत तो हा. आयोगाची कागदपत्रे तीस वर्षांनी खुली होतात. युरोपीय कामगार महासंघाचे दप्तर अ‍ॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत आहे. तेथे बसून जुनी इतिवृत्ते चाळायची, मसुद्याच्या पहिल्या आणि सातव्या प्रतीत कोणते क्रियापद बदलले ते पाहायचे, हयात असलेल्यांना भेटून विचारायचे आणि दोघांनी सांगितलेल्या दोन आठवणी जुळत नाहीत म्हणून पुन्हा दप्तराकडे वळायचे, असे हे कष्टाचे काम आहे. त्यातून हाती लागलेले उत्तर मात्र अगदी व्यवहारी निघाले. नव्या करारात सामाजिक विषयांवर बहुमताने कायदे होणार हे १९९१ साली दिसू लागले होते. एकट्या ब्रिटनच्या नकाराने सगळे अडण्याचे दिवस संपत होते. कायदा होणारच असेल तर तो आपल्या पाठीमागे होण्यापेक्षा आपल्या हातून झालेला बरा, असे मालकांना वाटले. अभ्यासक याला कायद्याच्या सावलीतली वाटाघाट म्हणतात. आपण म्हणू, दाराशी कायदा उभा होता म्हणून आतली मंडळी बोलू लागली.

ही गोष्ट एकदा ध्यानी आली की युरोपचा सगळा इतिहास त्या दाराशी येऊन थांबतो. स्वीडनचे उदाहरण घ्या. मे १९३१ मध्ये ओदालेन येथे संपकऱ्यांच्या मोर्चावर लष्कराने गोळ्या झाडल्या आणि पाच जीव गेले. आपण ज्या देशाला शांततेचे माहेर समजतो त्या देशाची ही कथा आहे. त्यानंतर सरकारनेच नेमलेल्या एका समितीने दोन्ही बाजूंना सुचवले की तुमचे तुम्ही मिटवा. न मिटवल्यास कायदा येईल, हे न सांगताच कळत होते. २० डिसेंबर १९३८ रोजी स्टॉकहोमजवळच्या साल्टशबाडन या किनाऱ्यावरच्या गावी, एका हॉटेलात, मालक आणि कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांनी जो करार केला, त्यावर तो देश पुढे कित्येक दशके चालला.

नेदरलँड्सची गोष्ट याहून जवळची. समुद्राला बांध घालून मिळवलेल्या त्या जमिनीवर शेजाऱ्याशी कितीही वैर असले तरी बांध दोघांनी मिळूनच राखावा लागतो, असे तिथले लोक स्वतःबद्दल कौतुकाने सांगतात. १९८२ साली बेकारीने तो देश हैराण झाला होता. नव्या सरकारने पगार गोठवण्याचा इशारा देऊन ठेवला होता. तेव्हा कामगारनेते विम कोक आणि मालकांचे नेते ख्रिस व्हान वेन यांनी व्हान वेन यांच्या वासेनार येथील घरी बसून एक समझोता केला आणि २४ नोव्हेंबरला तो जाहीर झाला. कामगारांनी पगारवाढीचा आग्रह सोडला, मालकांनी कामाचे तास कमी करण्याची वाट मोकळी केली. हा सौदा कामगारांना महाग पडला की स्वस्त, यावर तिथे अजून वाद होतात आणि ते व्हावेतच. विम कोक बारा वर्षांनी त्या देशाचे पंतप्रधान झाले.

१९८२. हे साल वाचताच मराठी मन थबकते. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबले. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. लालबाग-परळच्या चाळींतून माणसे गावाकडे परतली, कोकणच्या आणि घाटावरच्या घरांतली मनीऑर्डर थांबली, आणि वासेनारला सह्या झाल्या त्या नोव्हेंबरातही गिरणगाव संपावरच होता. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच, पण त्यांच्या बरोबरीने एक मागणी होती जिची आठवण आता मागे पडली आहे: मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. १९४६ च्या त्या कायद्याने गिरण्यांत एकाच युनियनला मान्यता दिली होती आणि बोलणी करण्याचा अधिकार तिचाच होता. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. लाखो कामगार ज्याच्यामागे उभे होते त्याला समोरच्या खुर्चीवर बसण्याची सोय कायद्यात नव्हती, आणि जिची खुर्ची होती तिच्यामागे कामगार उरले नव्हते. डॉक्टरांच्या डावपेचांचे चुकले असेल, मालकांना गिरण्यांपेक्षा गिरण्यांच्या जमिनी गोड वाटू लागल्या असतील, सरकारांना हा नेता नमवायचा असेल; या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण युरोपच्या आरशात पाहिले की एक फरक ठळक दिसतो. तिकडे कायद्याने दाराबाहेर उभे राहून दोघांना आत लोटले. आपल्याकडे तो दारात आडवा उभा राहिला आणि त्याने एकाला आत येऊ दिले नाही.

समोर कोण बसणार, हा तंटा युरोपातही झाला. पालकांना मूल झाल्यावर रजा मिळावी असा प्रस्ताव आयोगाने १९८३ सालीच मांडला होता आणि तो बारा वर्षे खितपत पडला होता. १९९५ साली दोन्ही पक्ष बसले आणि सहा महिन्यांच्या आत, १४ डिसेंबरला, करार झाला: आई आणि बाप दोघांनाही, प्रत्येकाला स्वतंत्रपणे, किमान तीन महिने. त्या कराराचा पुढच्याच वर्षी कायदा झाला. तेव्हा लहान उद्योगांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, की आम्ही एवढे आणि आम्हाला कोणी बोलावले नाही. १९९८ साली ती हरली. न्यायालयाने सांगितले की प्रत्येकाला खुर्ची मिळालीच पाहिजे असे नाही. सही करणाऱ्यांचे एकूण प्रतिनिधित्व पुरेसे आहे का, एवढे आयोगाने तपासले पाहिजे. हरल्यानंतर त्या संघटनेने मोठ्या मालकांशी समझोता करून खुर्ची मिळवलीच. आणि डब्लिनजवळची युरोफाउंड ही १९७५ पासूनची संस्था आज धंद्याधंद्यांत जाऊन मोजणी करते, की अमुक संघटनेचे कोणत्या देशात किती सभासद आहेत, ती तेथे खरोखर करार करते का. हे काम रुक्ष आहे. अशी मोजणी गिरणगावात १९८१ साली झाली असती तर काय झाले असते, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

अशा बैठकांतून जे निघते ते बहुधा भाषणात सांगण्यासारखे नसते. इस्पितळात वापरलेल्या इंजेक्शनच्या सुईवर परत टोपण चढवताना परिचारिकेच्या बोटात सुई घुसते, आणि रुग्णाचा आजार रक्तातून तिच्याकडे येतो. इस्पितळांचे चालक आणि तेथले कर्मचारी यांच्या युरोपीय संघटनांनी २००९ साली जो करार केला त्यात सुईवर पुन्हा टोपण चढवण्याची ही रीतच बंद करण्यात आली. २०१० साली त्याचा कायदा झाला. आयुष्यभर वॉर्डात काम केलेल्या बाईला विचारा, ती या एका वाक्याचे मोल सांगेल.

केशकर्तनालयांची कहाणी मात्र वेगळी. दिवसभर ओले हात आणि केसांच्या रंगातली रसायने यांनी तेथे काम करणाऱ्यांची कातडी सोलवटते, दम्याचा त्रास जडतो. त्यांच्या मालकांनी आणि कामगारांनी २०१२ साली करार केला: हातमोजे, हवा खेळती, पायात न घसरणारे जोडे. ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांनी थट्टा उडवली की युरोप आता उंच टाचांवर बंदी घालणार. आयोगाची छाती झाली नाही. तो करार मंत्र्यांपुढे गेलाच नाही, आणि २०१६ साली सुधारून आणला तरी त्याचा कायदा झाला नाही. सरकारी नोकरांच्या एका कराराचीही हीच गत झाली. त्यांची संघटना आयोगाविरुद्ध न्यायालयात गेली, आणि २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दोघांनी सह्या केल्या म्हणून तो करार पुढे नेणे आयोगावर बंधनकारक नाही. आपल्या मते हा निकाल कायद्याच्या अक्षराला धरून असेल, पण बैठकीच्या मुळावर आला. याद्या झाल्या, सह्या झाल्या, आणि भटजीच म्हणाले की मुहूर्त लावायचा की नाही ते मी ठरवीन. मग पुढच्या वेळी सतरंजीवर कोण बसेल?

कायदा दाराशी असावा हे खरे, पण तो आत शिरून बैठक उधळणारही नाही, याची हमी नसते. १९३३ साली जर्मनीच्या नव्या राज्यकर्त्यांनी १ मे हा मोठ्या थाटाने पगारी सुट्टीचा दिवस केला, मिरवणुका काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, देशभरातल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. अ‍ॅमस्टरडॅमची ती दप्तरांची संस्था १९३५ साली निघाली ती अशाच संकटातून चळवळीचे कागद वाचवण्यासाठी. त्या काळाशी कशाचीही बरोबरी करू नये. तरी सौम्य रूपात बैठकीत घुसखोरी होतच राहते. कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये २०१२ च्या फेब्रुवारीत मालक आणि कामगार दोघेही म्हणत होते की आम्ही ठरवलेले किमान वेतन राहू द्या. धनकोंच्या अटींपुढे ते २२ टक्क्यांनी उतरले, पंचविशीच्या आतल्यांचे ३२ टक्क्यांनी. आणि डेन्मार्क-स्वीडनमध्ये तर युनियनवालेच किमान वेतनाच्या युरोपीय कायद्याला विरोध करत राहिले, कारण पगार हा आमच्या टेबलावरचा विषय आहे, सरकारचा नव्हे. डेन्मार्कने त्यासाठी न्यायालय गाठले. ११ नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने त्या कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला आणि काही तरतुदी तेवढ्या काढल्या. ज्यांचे टेबल भक्कम आहे त्यांना कायद्याची अडचण वाटते, ज्यांचे डुगडुगते त्यांना आधार वाटतो. २००४ च्या १ मेला आत आलेल्या देशांपैकी बहुतेक दुसऱ्या प्रकारचे होते. जेथे कारखाना, युनियन आणि सरकार चाळीस वर्षे एकाच पक्षाचे होते, तेथे समोर बसायला दुसरा माणूसच तयार व्हायचा होता.

रीत जुनी झाली की तिचे उद्यापन करायचे की पुन्हा व्रत घ्यायचे, असा प्रश्न येतो. घरबसल्या कामाबद्दलचा करार युरोपात २००२ सालीच झाला होता, आपल्याला तो शब्द महासाथीत कळला. वीस वर्षांनी तो नवा करायला आणि कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क त्यात घालायला दोन्ही पक्ष बसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बोलणी फिसकटली. २७ डिसेंबरला देलोर गेले. आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी, बरोबर एकोणचाळीस वर्षांनी, त्याच डचेसच्या दरीत पुन्हा मंडळी जमली, संवादाला उजाळा देण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या; ५ मार्च २०२५ रोजी त्याचा रीतसर करारही झाला. संवाद कसा करावा याबद्दलचा हा संवाद आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. तरी ज्या घरात बोलणे बंद झाले आहे तेथे वर्षश्राद्धाला का होईना भाऊ भाऊ एका पंगतीत बसतात, त्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या हातीही काही कमी नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अर्जावर मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० पासून. युरोपने पहिला १ मे पाळला त्याच वर्षी. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना ऑगस्ट १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात आणि ऐन चळवळीच्या धामधुमीत, सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद दिल्लीत भरली होती. तिच्याच परंपरेतली भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ मध्ये भरली, आणि नंतरची दहा वर्षे भरली नाही. त्या दहा वर्षांत चार नव्या श्रमसंहिता मात्र झाल्या. अण्णासाहेब पाटलांच्या झगड्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि ज्याला मालकच नव्हता अशा हमालासाठी मंडळ उभे राहिले. त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघेही बसतात. त्याच घडणीवर १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीही महाराष्ट्राने कायदा केला. हे सारे आपले आहे, कोणाकडून उसने आणलेले नाही.

युरोपातल्या सुरक्षा कंपन्यांच्या आणि पहारेकऱ्यांच्या संघटनांनी १९९९ साली मिळून एक पुस्तिका काढली. पहारेकरी नेमणाऱ्या कार्यालयांनी सर्वांत कमी दराची निविदा डोळे मिटून का उचलू नये, हे त्यांनी गिऱ्हाइकाला समजावून सांगितले, कारण मालक आणि नोकर दोघांचाही गळा त्या कमी दरातच अडकला होता. आज झेंडावंदनाहून परतताना सोसायटीच्या फाटकाशी जो दार उघडेल, त्याला आज सुट्टी का नाही हे विचारावे, आणि पगाराचे बोलायचे झाले तर तुम्ही कोणासमोर बसता, हेही विचारावे. तो बहुधा एजन्सीच्या सुपरवायझरकडे बोट दाखवील, आणि सुपरवायझर सांगेल की दर सोसायटीने ठरवला आहे. तो खर्च सप्टेंबरअखेरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्यापुढे मंजुरीला येतो. सभेची नोटीस चौदा दिवस आधी जिन्याखालच्या फळ्यावर लागते.